पहिलं विणकाम: बिनबोटी हातमोजे, आणि जोडीला कानपट्टी व गळपट्टी

विणकाम शिकायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास सांगतं, 'आधी मफलर विण.' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि अर्धवट राहिलेले मफलरही तितक्याच पिढ्या ट्रंकेच्या तळाशी सुयांसकट पडून आहेत. कारण सोपं आहे. दीड मीटरच्या मफलरला चारशेच्या वर ओळी लागतात आणि त्या सगळ्या एकसारख्या असतात. टाके घालायचे एकदा, बंद करायचे एकदा. टाके वाढवणं नाही, शिवण नाही, मापाशी संबंध नाही. हात शिकतो थोडं आणि कंटाळतो फार.

म्हणून माझं मत असं, की पहिली वस्तू बिनबोटी हातमोज्यांची जोडी असावी. मनगटापासून बोटांच्या पेरापर्यंत येणारी एक नळी, तिला अंगठ्यापुरतं भोक. एका मोज्याला 56 ओळी. एवढ्यात टाके घालणं, बॉर्डर, टाके वाढवणं, सुया बदलणं, टाके बंद करणं आणि शिवण, सगळं येऊन जातं. दुसऱ्या मोज्यात तेच पुन्हा करायचं असतं, त्यामुळे उजळणी आपोआप होते.

वापरही भरपूर. पुण्या-नाशकातली जानेवारीतली सकाळ, निफाडकडची कडाक्याची थंडी, ऑफिसातला वर्षभराचा एसी, किंवा लंडन-टोरांटोत राहणारी लेक. बोटं मोकळी असल्यामुळे टायपिंग, मोबाइल, भाजी चिरणं, कशालाच अडत नाही. दुचाकीवर मात्र यांच्या भरवशावर राहू नका. विणीतून वारा आरपार जातो; तिथे चामड्याचे किंवा जाड कापडाचेच हवेत.

लोकर घेताना

आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. त्यात कमीपणा काही नाही. स्वस्त असतं, मशीनमध्ये धुता येतं, टोचत नाही, आणि शिकताना दहा वेळा उसवलं तरी जीव हळहळत नाही. खरी लोकर जास्त ऊबदार आणि लवचीक. शंका असेल तर वीतभर धाग्याचं टोक चिमट्यात धरून, पाण्याच्या भांड्यावर जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटात चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. आपली धनगरी लोकर घोंगडीला नामी, पण धागा भरड असतो, मनगटाच्या आतल्या बाजूला टोचेल. सुती दोरा या कामाला नकोच. त्याला ताण नसतो, बॉर्डर दोन दिवसांत सैल पडते.

जाडी मध्यम हवी. लेबलवर 'डबल निटिंग' किंवा 'डीके' असं लिहिलेलं असतं. नसेल तर लेबलवरची छोटी चौकट शोधा: 10 सेंमी रुंदीला 22 टाके, सुई 4 मिमी, असं काहीसं दिसलं की ती आपली लोकर. बाळांची म्हणून मिळणारी लोकर बऱ्याचदा याहून बारीक असते.

रंग फिकट किंवा मध्यम घ्या. काळ्या आणि गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि न दिसणारा टाका मोजता येत नाही. केसाळ, चमकीची, मध्येच जाड-बारीक होणारी लोकर आत्ता दुकानातच राहू द्या.

हातमोज्यांना साधारण 50 ग्रॅम, कानपट्टीला 35-40, गळपट्टीला 80-90. म्हणजे 200 ग्रॅममध्ये सगळा संच होतो. ही 200 ग्रॅम एकाच वेळी घ्या, आणि सगळ्या गुंड्यांच्या लेबलवरचा लॉट नंबर एक आहे ना ते दुकानातच तपासा. रंगाचा क्रमांक तोच असला तरी रंगवणीचा लॉट बदलला की छटा बदलते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही, गच्चीतल्या उन्हात कळतं.

सुयांचे नंबर

इथे नवशिके सगळ्यात जास्त फसतात. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर मोठा तितकी सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिमी, 9 म्हणजे 3.75, 10 म्हणजे 3.25, 11 म्हणजे 3 मिमी. अमेरिकन नंबर बरोबर उलटे चालतात: त्यांची 8 नंबरची सुई 5 मिमीची असते आणि आपली 4 मिमी त्यांच्याकडे 6 नंबर. इंटरनेटवरचा अमेरिकन नमुना वाचून दुकानात '8 नंबर द्या' म्हटलंत तर मोजा एखाद्या लहान मुलाला बसेल. त्यामुळे नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

आपल्याला दोन जोड्या लागतील: बॉर्डरला 3.25 मिमी, बाकीच्या कामाला 4 मिमी. ॲल्युमिनियमच्या सुया सगळीकडे मिळतात, पण फार गुळगुळीत असतात. अगदी पहिल्यांदाच हातात सुई धरणार असाल तर बांबूच्या घ्या, टाके घसरत नाहीत. शिवाय एक बोथट टोकाची मोठ्या नाकाची सुई, मेजरिंग टेप, कात्री, आणि सुटलेला टाका उचलायला क्रोशाची एक सुई.

हात बसवणं

दोनच टाके शिकायचे आहेत, सुलट आणि उलट.

सुलट टाक्यात धागा सुयांच्या मागे असतो. उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात समोरून, डावीकडून उजवीकडे घाला. तिचं टोक डाव्या सुईच्या मागे निघतं. त्या टोकाला धाग्याचा एक वेढा द्या, वेढा टाक्यातून पुढे ओढून घ्या आणि जुना टाका डाव्या सुईवरून उतरवा. उलट टाक्यात धागा आधी सुयांच्या पुढे आणा. उजवी सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे, म्हणजे पुढच्या अंगाने घाला, वेढा द्या, मागे ढकला, उतरवा. हाताची हालचाल पाहायला व्हिडिओ बरा. हिंदी व्हिडिओत टाक्यांना फंदे आणि सुईला सलाई म्हणतात, एवढं माहीत असलं की पुरे.

सुईवर बसलेला प्रत्येक टाका नीट पाहा. त्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढे आणि एक मागे. पुढचा पाय उजव्या बाजूला झुकलेला असला पाहिजे. डावीकडे झुकलेला दिसला तर तो पिळला गेलाय. काढून, वळवून परत सुईवर ठेवा. पहिल्या काही ओळींत ही नजर आली की पुढच्या निम्म्या अडचणी होतच नाहीत.

मग मापापुरता एक नमुन्याचा तुकडा विणा. हा टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. 4 मिमीच्या सुईवर 30 टाके घाला, एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा 30-35 ओळी विणा. तुकडा सपाट ठेवून, कडा सोडून, मधल्या 10 सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. 22 आले तर उत्तम. 24 आले तर तुमचा हात घट्ट आहे: 42 टाके 19 सेंमीऐवजी साडेसतरा सेंमीचे होतील, आणि दीड सेंमीचा फरक हाताला चांगला जाणवतो. मग टाके बदलू नका, सुई बदला. हात घट्ट असेल तर जाड सुई, सैल असेल तर बारीक.

माप

अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहाताभोवती टेप गुंडाळा. त्यातून 1 सेंमी वजा करा, 2.2 ने गुणा, शिवणीचे 2 टाके मिळवा. आलेल्या आकड्याच्या जवळची अशी संख्या घ्या की जिच्यातून 2 वजा केल्यावर 4 ने भाग जातो. हात 19 सेंमी असेल तर 18 गुणिले 2.2 म्हणजे 39.6, अधिक 2, म्हणजे 42. हात 17 सेंमी असेल तर 38, 21 असेल तर 46. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात 15 सेंमीच्या आसपास असतो, त्याला 34. मनगटाच्या बॉर्डरला यापेक्षा 4 टाके कमी.

4 अधिक 2 ही भानगड कशासाठी, ते शिवताना दिसेल. पुढचे आकडे 19 सेंमीच्या हाताचे आहेत.

मोजा

टाके घाला 38. गुंड्याच्या टोकापासून मीटरभर धागा सोडून सरकगाठ बांधा आणि उजव्या हातातल्या 4 मिमीच्या सुईवर चढवा. सुटं टोक डाव्या अंगठ्याभोवती गुंडाळा, सुई त्या वेढ्यात खालून घाला, गुंड्याकडचा धागा सुईच्या टोकावरून घ्या, अंगठ्यावरचा वेढा टोकावरून उतरवा, हलकेच ओढा. एक टाका झाला. बॉर्डर बारीक सुईने विणायची असली तरी टाके जाड सुईवरच घाला, नाहीतर मनगटाची कड आवळते आणि हात आत जाताना कुरकुर करते.

ओळ 1 ते 20, 3.25 मिमीच्या सुया. पहिली ओळ: 2 सुलट, 2 उलट, असं करत शेवटी 2 सुलट. दुसरी ओळ: 2 उलट, 2 सुलट, शेवटी 2 उलट. या दोन ओळी आलटून पालटून. सुलटाच्या टाक्यावर सुलट आणि उलटाच्या टाक्यावर उलट येत राहतो आणि उभ्या पट्ट्या तयार होतात. सुलटावरून उलटावर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा, परत सुलटाला मागे न्यायचा. तो सुईच्या वरून नेला की एक जादा टाका तयार होतो. ओळीच्या सुरुवातीलाही हेच: धागा सुईवरून मागे टाकला तर पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय दोन टाक्यांसारखे दिसतात, आणि नवशिकी दोन्ही विणून मोकळी होते. म्हणून पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. 38 म्हणजे 38.

ओळ 21, 4 मिमीच्या सुया. इथे चार टाके वाढवायचे: 5 सुलट, वाढवा, 9 सुलट, वाढवा, 10 सुलट, वाढवा, 9 सुलट, वाढवा, 5 सुलट. आता 42. वाढवायचं असं: दोन टाक्यांच्या मध्ये जो आडवा धागा दिसतो तो डाव्या सुईने समोरून उचला आणि त्याच्या मागच्या पायातून सुलट विणा. पुढच्या पायातून विणलंत तर तिथे भोक राहतं.

ओळ 22 ते 32: एक ओळ उलट, एक ओळ सुलट. 32वी ओळ उलट संपली की दोन्ही कडांना वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवा. अंगठ्याची चीर इथून सुरू.

ओळ 33 ते 46: तसंच चालू ठेवा, पण प्रत्येक ओळीत पहिले 3 आणि शेवटचे 3 टाके कायम सुलट, उलटाच्या ओळीतही. साध्या विणीची, म्हणजे एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीची, कड आत वळते. या तीन टाक्यांमुळे अंगठ्याच्या चिरेची कड सपाट बसते. 46व्या ओळीनंतर पुन्हा खुणेचा धागा.

ओळ 47 आणि 48: एक सुलट, एक उलट. मग 49 ते 56, बारीक सुयांवर 2-2 ची बॉर्डर.

टाके बंद करताना सुई 4 मिमीची घ्या आणि बॉर्डर जशी चालली तशीच, सुलटाला सुलट, उलटाला उलट विणत बंद करा. दोन टाके विणा, डाव्या सुईने पहिला दुसऱ्यावरून उचलून टाका. एक विणा, मागचा त्याच्यावरून टाका. शेवटी 30 सेंमी धागा सोडून कापा.

कागदावर ओळींचा हिशेब लिहून ठेवा आणि दुसरा मोजा त्यावरूनच करा. पट्टीने मोजून केलेले दोन मोजे कधी एकसारखे होत नाहीत, ओळी मोजून केलेले होतात. दुसऱ्याचे टाके त्याच बैठकीत घालून ठेवलेले बरे. एकच हातमोजा असलेली बरीच घरं मला माहीत आहेत.

शिवण

मोजा सुलट बाजू वर करून, दोन्ही कडा शेजारी-शेजारी ठेवा. खालच्या टोकाचा धागा बोथट सुईत ओवा. आता उजव्या कडेचा पहिला आणि दुसरा टाका बोटांनी जरा फाकवा. मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील. त्यातल्या एका पायरीखालून सुई काढा. डाव्या कडेला तसंच, त्याच उंचीची पायरी. परत उजवीकडे वरची पायरी, डावीकडे वरची. पाच-सहा पायऱ्या झाल्या की धागा उभा ओढा. दोन्ही कडा एकमेकींना येऊन मिळतात आणि शिवण नाहीशी होते. दोन्हीकडचा एकेक टाका आत गेला, उरलेला एकेक सुलट शेजारी आला, म्हणजे बॉर्डरच्या 2-2 च्या पट्ट्या शिवणीवरूनही तशाच चालू राहिल्या. ते 4 अधिक 2 याचसाठी.

खालून पहिल्या खुणेपर्यंत शिवा. वरून, बंद करताना सोडलेल्या धाग्याने, दुसऱ्या खुणेपर्यंत. मधली साधारण साडेचार-पाच सेंमीची चीर अंगठ्याची. चिरेच्या दोन्ही टोकांना दोन-दोन टाके जास्तीचे मारा. ताण तिथेच येतो. उरलेली टोकं उलट बाजूने चार-पाच सेंमी विणीत फिरवून कापा. गाठ मारून लगेच कापलेलं टोक दुसऱ्या धुण्यात बाहेर येतं.

डावा-उजवा असा भेद यात नाही. घालताना शिवण अंगठ्याकडे आली की झालं.

टाका सुटला तर

घाबरून पूर्ण उसवू नका. सुटलेल्या टाक्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी झालेली असते. क्रोशाची सुई समोरून टाक्यात घाला, सर्वांत खालची पायरी त्यातून ओढा, मग वरची, असं करत सुईपर्यंत या. सुलट बाजूने केलंत तर सोपं. आणि उठताना ओळ अर्धी सोडून उठू नका. परत आल्यावर कुठल्या दिशेने चाललो होतो ते कळत नाही, आणि टाकेही तिथे ताणून मोठे होतात.

जोडीच्या वस्तू

संच जुळवायचा म्हणून सगळीकडे तीच वीण लागत नाही. लोकर एक असली की निम्मं काम झालं, बाकी वीण बदलली तर उलट छान दिसतं. मी कानपट्टीला आणि गळपट्टीला साबुदाणा वीण सुचवेन, कारण तिची एकच ओळ पाठ करावी लागते. टाके विषम घ्या. प्रत्येक ओळ: 1 सुलट, 1 उलट, शेवटी सुलट. दुसऱ्या ओळीतही हेच. आधीच्या ओळीतल्या सुलटाच्या उंचवट्यावर सुलटच येतो आणि दाणे उमटतात. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कड वळत नाही.

कानपट्टीला 4 मिमीवर 21 टाके. लांबी डोक्याच्या घेरापेक्षा 7-8 सेंमी कमी ठेवा. 55 सेंमीच्या डोक्याला 47-48. कपाळावर पीळ हवा असेल तर दोन्ही टोकं लांबीत अर्ध्यात दुमडा, एकाच्या दुमडीत दुसऱ्याचा एक पदर अडकवा, म्हणजे चार पदर एकावर एक येतील, आणि सगळे एकत्र शिवून पट्टी उलटा.

गळपट्टीला 45 टाके, 60-62 सेंमी लांबी, टोकाला टोक शिवलं की डोक्यावरून घालायचा गोल मफलर तयार. इथे मात्र ओळी बऱ्याच आहेत. पण हातमोज्यांवर हात बसलेला असल्यामुळे टीव्ही बघता बघता गळपट्टी होऊन जाते.

धुणं

ॲक्रिलिक साध्या पाण्यात धुऊन सपाट वाळवा. इस्त्री अजिबात नको, उष्णतेने बॉर्डरचा ताण कायमचा जातो. खरी लोकर कोमट पाण्यात, थोड्या शाम्पूत वीसेक मिनिटं भिजवा, चोळू नका, पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आकार देऊन सावलीत आडवी पसरा. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, मोजा आटून जाड होतो आणि परत कधी सुटत नाही.

पुढच्या जोडीला अंगठ्याची कळी

चिरेचा मोजा रोजच्या वापराला पुरतो, पण अंगठा पसरला की ओढतो. पुढच्या जोडीत कळी घाला, म्हणजे टाके वाढवत नेऊन अंगठ्यासाठी केलेला तिकोनी भाग. 42 टाके झाल्यावर सहा ओळी साध्या विणा. मग सुलटाच्या ओळीत 20 टाके, खूण (सुईवर अडकवलेला वेगळ्या धाग्याचा फास), वाढवा, 2 सुलट, वाढवा, खूण, 20 टाके. दर सुलट ओळीत दोन्ही खुणांच्या आत एकेक वाढवत जा. सहा वेळा वाढवलं की मध्ये 14 टाके होतात. दोन-तीन ओळी साध्या विणा आणि सुलट ओळीत हे 14 टाके वेगळ्या धाग्यावर उतरवून ठेवा. त्यांच्या जागी 2 नवे टाके घालून 42 वर पुढे चला, 12 ओळी साध्या, मग बॉर्डर. शेवटी ते 14 सुईवर घ्या, दोन्ही टोकांना एकेक वाढवून 16 करा, पाच-सहा ओळी विणून सैल बंद करा आणि अंगठा शिवा. बाजूची शिवण आता करंगळीकडे जाते, आणि ती खालपासून वरपर्यंत सलग शिवायची.